तीनचाकी मोटरसायकलचा दिवा लागतो आणि आपोआप विझतो: लपणारा बिघाड पकडायचा कसा?

चालत्या गाडीत अचानक पिवळा दिवा लागतो. पडद्यावर ब्रेकची, स्टिअरिंगची किंवा स्टॅबिलिटीची सूचना झळकते, कधी इंजिनाचा जोरही एकदम उतरतो. गाडी बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की सगळं जागच्या जागी. मग कितीतरी दिवस काहीच होत नाही. मेकॅनिककडे नेली तर तिथे दिवा लागायचं नाव घेत नाही, आणि परतीच्या वाटेवर हमखास लागतो.

अधूनमधून येणारा-जाणारा बिघाड सगळ्यात जास्त छळतो. कायमचा तुटलेला भाग तपासला की सापडतो. अधूनमधून तुटणारा भाग तपासताना नेमका धड असतो. मग अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं. आधी सेन्सर, मग स्विच, शेवटी महागडं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक. या वाटेने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तीन ठिकाणी निघतं: बॅटरी आणि तिचं चार्जिंग, अर्थचे जोड (ज्यांतून वीज बॉडीवाटे बॅटरीच्या ऋण टोकाला परत जाते), आणि कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडातल्या, पिना. ही तिन्ही ठिकाणं तपासायला एक मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं यंत्र), एक बल्ब आणि भरपूर चिकाटी पुरते.

तीन चाकांची गाडी इतकी संशयी का असते

दुचाकी वळणावर आत झुकते आणि तोल सांभाळते. तीनचाकी मोटरसायकलींमध्ये काही गाड्या झुकतात. २००६ मध्ये आलेली पियाजिओची एमपी३ किंवा २०१८ पासून विकली जाणारी यामाहाची निकेन या त्या जातीच्या. बीआरपी या कॅनडातल्या कंपनीने २००७ मध्ये आणलेली कॅन-अ‍ॅम स्पायडर मात्र झुकत नाही. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि वळणावर गाडी सरळच राहते. त्यामुळे वेगाने वळताना तिला बाहेरच्या बाजूला उलथवू पाहणारा जोर सोसावा लागतो आणि आतल्या बाजूचं पुढचं चाक हलकं होत जातं. ते उचललं जाऊ नये म्हणून तिच्यात बॉश कंपनीच्या साथीने तयार केलेली स्टॅबिलिटी यंत्रणा आहे. ही यंत्रणा गरज पडली की इंजिनाचा जोर कमी करते आणि एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते.

हे करायला तिला सतत माहिती लागते. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय, हँडल किती वळलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय, आडवा जोर किती आहे, ब्रेक दाबलाय की नाही. संगणक ही सगळी उत्तरं एकमेकांशी ताडून पाहतो. हँडल सरळ आहे, आडवा जोर शून्य आहे, तरी डावं पुढचं चाक उजव्यापेक्षा जलद फिरतंय असा संदेश आला, तर त्याला तो पटत नाही. चाक खरंच घसरलं असेल, टायरमधली हवा कमी असेल किंवा सेन्सरची वायर क्षणभर तुटली असेल. यातलं खरं काय हे त्याला ठरवता येत नाही. अशा वेळी चुकीच्या चाकाला ब्रेक लावण्यापेक्षा तो स्वतःला बाजूला करतो आणि दिवा लावतो. ते योग्यच आहे.

म्हणून दिव्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ‘अमुक सेन्सर खराब आहे’ असं दिवा सांगत नाही. ‘या सेन्सरकडून आलेली माहिती मला पटली नाही’ एवढंच तो सांगतो. माहिती बिघडली ती सेन्सरमध्ये, वायरमध्ये, कपलरमध्ये की व्होल्टेजमध्ये, हे आपल्याला शोधायचं असतं.

आधी वही, मग पाना

दिवा लागल्यावर पहिलं काम म्हणजे संगणकाने साठवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरने वाचून लिहून घेणं, आणि तेही पुसण्याआधी. घाईने बॅटरीची वायर काढली तर काही गाड्यांमध्ये ही नोंद पुसली जाते आणि एकुलता एक साक्षीदार हातचा जातो. स्कॅनरवर कोड सध्या चालू आहे की जुना साठलेला, हेही दिसतं. काही यंत्रणा बिघाडाच्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमानही जपून ठेवतात. ते सगळं उतरवून घ्या.

कोडचं पहिलं अक्षर बरंच बोलतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-चाकांचा भाग, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे मॉड्यूलांचं आपसातलं बोलणं. एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे कोड आले तर घाबरून जायचं कारण नाही. उलट ही चांगली खूण असते. सहा सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. त्या सहांमध्ये समान काय आहे ते वायरिंगच्या नकाशावर बोटाने शोधायचं. एकच फ्यूज आहे का? अर्थ एकाच नटाखाली जातो का? तारा एकाच कपलरमधून जातात का? बऱ्याच सेन्सरना संगणकाकडून पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि तो अनेकांत वाटलेला असतो. त्यातल्या एका सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली की पाच व्होल्टची ती ओळच बसते आणि बाकीचे निर्दोष सेन्सरही गुन्हेगार ठरतात. अशा वेळी त्या ओळीवरचा एकेक सेन्सर काढून पाहायचा. ज्याचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, त्या फांदीत दोष.

कोडसोबत परिस्थिती लिहा. गाडी थंड होती की तापलेली, पाऊस होता का, डावं वळण होतं की उजवं, खड्डा गेला का, ब्रेक दाबला होता का, जास्तीचे दिवे आणि हँडलच्या तापणाऱ्या गरम मुठी चालू होत्या का. चार-पाच नोंदी झाल्या की त्यातून ओळ दिसू लागते. फक्त डावीकडे पूर्ण हँडल वळवल्यावर दिवा लागत असेल तर वायर ताणली जातेय. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर लागत असेल तर कपलरमध्ये पाणी शिरतंय. अर्धा तास चालल्यावरच लागत असेल तर उष्णतेने सुटणारा जोड, चार्जिंगचा रेग्युलेटर किंवा कॉइल. सेल्फ मारल्या मारल्या लागत असेल तर आधी बॅटरीकडे बघा. ही वही मेकॅनिकच्या हातात दिली तर त्याचेही कित्येक तास वाचतात.

शोध चालू असताना गाडी चालवायची का? लाल दिवा लागला तर थांबायचं, त्यात चर्चा नको. पिवळा दिवा लागला तर गाडी बहुधा चालते, पण कोणती मदत बंद झाली ते ओळखून. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद झालं तरी साधा ब्रेक लागतो. स्टॅबिलिटी बंद झाली तर वळणावर चाक उचलण्यापासून वाचवणारं कोणी नाही, तेव्हा वळणाआधीच वेग खूप कमी हवा. पॉवर स्टिअरिंग बंद पडलं तर हँडल एकदम जड होतं, आणि न झुकणाऱ्या गाडीत ते दोन्ही हातांना चांगलंच जाणवतं. हँडल अचानक जड होत असेल तर बिघाड मिटेपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नये असंच मी म्हणेन.

बॅटरी: सगळ्यांच्या आधी तिचा नंबर

इंजिन सुरू झालं म्हणजे बॅटरी चांगली, हा समज मोडायला हवा. सेल्फ मोटर जेमतेम फिरेल एवढी ताकद असलेली बॅटरी संगणकांना पुरत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली बसतं, काही मॉड्यूल त्या क्षणी बंद होऊन पुन्हा जागी होतात, काही जागीच राहतात. जागी असलेली मग तक्रार करतात की शेजारच्याचा संदेशच आला नाही. असे यू कोड पाहून लोक वायरिंग सोलायला बसतात, आणि खरा दोष बॅटरीत असतो.

गाडी काही तास उभी असताना नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण भरलेली. १२ व्होल्ट म्हणजे जवळपास रिकामी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे आकडे वेगळे असतात, ती भरलेली असताना १३.२ च्या वर दिसते. पण उभ्या गाडीतला आकडा पुरेसा नाही. मल्टिमीटर लावून सेल्फ मारा आणि आकडा कुठपर्यंत घसरतो ते पाहा. १० च्या आसपास थांबला तर ठीक; ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिच्या वायरींवर संशय घ्या. मल्टिमीटरवर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा पकडून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा, कारण डोळ्यांना दिसण्याआधीच तो क्षण निघून जातो.

इंजिन चालू करून फेरे वाढवल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मोटरसायकलच्या मॅग्नेटला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाला, मंद फेऱ्यांवर फारशी वीज बनवता येत नाही. त्यात पंखा, हेडलाइट, गरम मुठी आणि वर पॉवर स्टिअरिंग एकदम चालू असेल तर गाडी बॅटरीवर जगत असते. गर्दीत रांगेत सरकताना, हँडल सारखं वळवताना दिवा लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर लागत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

चार्जिंग कमी वाटलं तर स्टेटरच्या (मॅग्नेटमधल्या वीज बनवणाऱ्या गुंडाळ्यांच्या) तीन वायरींचा कपलर उघडून पाहा. तो जागोजाग तपकिरी पडला असेल, प्लास्टिक वितळलं असेल तर तिथेच थांबा. तो जोड तापतोय आणि तापला की सुटतोय. स्टेटरच्या कोणत्याही दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज समान फेऱ्यांवर समान यायला हवं आणि कोणत्याही वायरीतून बॉडीशी वाट सापडता कामा नये. हे एसी व्होल्टेज फेरे वाढले की चांगला झटका देण्याइतकं होतं, तेव्हा उघड्या पिनांना हात नको. एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरमधला एखादा डायोड गेला असेल तर बॅटरीवर एसी व्होल्टेज डोकावतं. चालू इंजिनात ते अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर रेक्टिफायर तपासायला हवा. आणि एक सक्त मनाई: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ हे पाहण्याची जुनी पद्धत इथे वापरू नका. त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज एकाच झटक्यात मॉड्यूल जाळू शकतं.

अर्थचा जोड: मल्टिमीटर इथे फसवतो

मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, चॅसीवरच्या अर्थच्या नटाखाली रंग आणि गंज साचला आणि तिथे ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला. मल्टिमीटरने ओहम मोजले तर काय दिसेल? मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा तेवढा असतो, त्यामुळे आकडा निर्दोष वाटेल. त्या जोडातून एखाद्या सेन्सरचा १० मिलिअँपिअर प्रवाह जातो तेव्हा तिथे फक्त ०.००२ व्होल्ट हरवतात. कुणाला कळणारही नाही. पण त्याच जोडातून पॉवर स्टिअरिंगच्या मोटरने २० अँपिअर खेचले की चार व्होल्ट तिथेच गडप होतात. बॅटरीवर १३.८ असले तरी मोटरच्या वाट्याला ९.८ येतात. स्टिअरिंगचं मॉड्यूल कमी व्होल्टेजचा कोड टाकून बंद पडतं. त्याच नटावर अर्थ असलेले सेन्सरही त्या क्षणी चुकीचं बोलतात. हँडल सोडलं की प्रवाह थांबतो, व्होल्टेज परत येतं, आणि तपासणाऱ्याला सगळं चोख दिसतं.

विहिरीचा दोर बहुतेक तुटून एकच पीळ उरला असेल, तर रिकामी घागर ओढताना तो शाबूतच वाटतो. भरलेली ओढली की कळतं. वायरचंही तसंच. तांब्याच्या तीस तारांपैकी एक उरली तरी मल्टिमीटर ‘जोड आहे’ म्हणून पीप वाजवतो. म्हणून भार टाकूनच तपासायचं.

पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी सळई बॅटरीच्या ऋण खुंटीवरच टेकवा, खुंटीवर चढवलेल्या क्लॅम्पवर नको, कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येही दोष असू शकतो. लाल सळई इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा आणि सेल्फ मारा. जो आकडा दिसतो तेवढे व्होल्ट अर्थच्या वाटेत हरवले. ०.२ ते ०.३ च्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड साफ करायला घ्या. मग लाल सळई ज्या मॉड्यूलची तक्रार आहे त्याच्या अर्थच्या वायरीवर टेकवा आणि ते मॉड्यूल कामाला लावा: स्टिअरिंगचं असेल तर चालू इंजिनात उभ्या गाडीचं हँडल वळवायला सांगा. इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त हरवू नयेत. धन बाजूही अशीच तपासायची: एक सळई बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरी मॉड्यूलला वीज पोचते त्या पिनेवर.

मॉड्यूल काढून वायर तपासायची असेल तर बल्ब वापरा. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर खेचतो, ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन. जाड पुरवठ्याच्या आणि अर्थच्या वायरींमधून हा बल्ब पेटवून पाहा. वायर धड असेल तर तो लख्ख पेटतो. पिवळट, मरगळलेला पेटला तर त्या वायरीत किंवा जोडात घात आहे. सेन्सरच्या आणि संगणकाच्या बारीक सिग्नल वायरींना मात्र बल्ब कधीही लावू नका.

अर्थ साफ करणं म्हणजे नट घट्ट करणं नाही. नट काढायचा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि चॅसी दोन्हीकडचा धातू चकचकीत होईपर्यंत घासायचा, लगमध्ये वायर हलते का ते ओढून पाहायचं, मग घट्ट आवळून वरून ग्रीसचा पातळ थर द्यायचा.

कपलरच्या आत काय चाललेलं असतं

गाडीच्या थरथरीने कपलरमधली नर पिन मादी पिनेत केसाच्या अंशाएवढी सतत हलत राहते. कथिलाचा मुलामा घासला जातो, त्याची बारीक पूड हवेने ऑक्साइड होते आणि पिनांमध्ये काळसर थर बसतो. हा थर वीज अडवतो. कपलर काढून पुन्हा लावला की थर खरवडला जातो आणि गाडी बरी होते, काही आठवड्यांपुरती. नवा सेन्सर टाकल्यावर ‘बिघाड गेला’ आणि महिन्याभराने परत आला, त्यातल्या पुष्कळ प्रसंगांत सेन्सर जुनाच चांगला होता. बरं वाटलं ते कपलर हलवल्यामुळे. म्हणून कपलर काढून लावल्यावर दिवा गेला, तर काम झालं असं न समजता दोष नेमका त्या कपलरमध्ये आहे असं समजा.

चावी बंद करून कपलर उघडा आणि उजेडात नीट पाहा. रबरी सील जागेवर आहे का, चुरगळलंय का? पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आहे का? हिरवट म्हणजे पाणी शिरलंय. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा मागे सरकलीय का? मागे सरकलेली पिन जेमतेम टेकते आणि खड्ड्यात सुटते. मग मादी पिनेची पकड पाहा. त्याच मापाची सुटी नर पिन एकेका छिद्रात घालून बाहेर काढा. थोडं अडखळत, पकडून यायला हवी. अलगद निघून आली तर ती मादी पिन फाकलीय. ही फाकवण्याचं पाप बऱ्याचदा तपासणाऱ्याचंच असतं, मल्टिमीटरची जाड सळई पुढून खुपसल्याने. मोजायचं असेल तेव्हा कपलरच्या मागून, वायरीच्या बाजूने बारीक सुई सरकवा. वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून शिरलेलं पाणी तांब्याच्या तारांमधून दूरपर्यंत झिरपतं.

साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर, मग पूर्ण कोरडं होऊ देणं. सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात पुरे. कपलर ग्रीसने ठासून भरला तर पिना बसत नाहीत. बंद करताना लॉकचा टक् आवाज आलाच पाहिजे. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा कपलरवर, हँडलच्या स्विचवर आणि मॉड्यूलवर मारू नये.

पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या वायरींना इथे वेगळं स्थान द्यायला हवं. दुचाकीत पुढे चाकाच्या वेगाचा एक सेन्सर असतो, इथे दोन असतात, आणि त्यांच्या वायरी प्रत्येक खड्ड्याला सस्पेन्शनच्या आर्मसोबत वर-खाली होतात, प्रत्येक वळणाला पिळल्या जातात, आणि चाकांनी उडवलेला चिखल-पाणी झेलतात. वाकण्याच्या जागी आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं आवरण नवंकोरं दिसतं. अशी वायर दोन बोटांत धरून थोडी थोडी हलकेच ओढत जा. जिथे तांबं तुटलंय तिथे आवरण रबरासारखं ताणतं. हे बोटांना लगेच कळतं.

हलवून तपासायची रीतही ठरलेली असावी. स्कॅनरवर चालू आकडे पाहत किंवा मल्टिमीटर लावून एका जागी फक्त एकच गोष्ट हलवा: आधी कपलर, मग वायरींचा जुडगा, मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुढचा भाग दाबून सस्पेन्शन खाली-वर. कुठे आकडा उडी मारतो ते पाहा. इंजिन चालू असेल तर पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब. उष्णतेचा संशय असेल तर हेअर ड्रायरने एकेक भाग गरम करा, पाण्याचा असेल तर साध्या फवाऱ्याच्या बाटलीने एका वेळी एकाच कपलरवर तुषार मारा.

काही ठरलेले संशयित

चाकाच्या वेगाचा सेन्सर आणि दातेरी चकती यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. ब्रेकच्या लोखंडी धुळीचा थर सेन्सरच्या चुंबकावर चिकटला किंवा चकतीचा एखादा दात वाकला, तरी संदेश गोंधळतो. सेन्सर बदलण्याआधी पुसून पाहा. टायरची हवाही मोजा. हवा कमी असलेलं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं, आणि दोन पुढच्या चाकांमधला फरक संगणक सतत बघत असतो. एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला, किंवा मागे कंपनीने सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या मापाचा टायर, हीसुद्धा विजेच्या बिघाडासारखी दिसणारी कारणं आहेत.

ब्रेकच्या स्विचमध्ये अनेक गाड्यांत दोन संपर्क असतात: पेडल दाबल्यावर एक जुळतो आणि दुसरा सुटतो. दोघांचं उत्तर विसंगत आलं की कोड पडतो. पेडलची जागा थोडी सरकली तरी हे होतं, तेव्हा आधी ते बसवून पाहा.

बाहेरून जोडलेल्या वस्तूंबद्दल मी कडक आहे. जास्तीचे दिवे, मोबाइल चार्जर, अलार्म, ट्रेलरचं वायरिंग: मूळ वायरीला चिमटा मारून वीज घेतलेली असेल तर ती पहिल्यांदा सोडवा आणि गाडी मूळ स्थितीत चालवून पाहा. चिमट्याचं पातं तांब्याच्या तारा कापतं आणि तिथून पाणी शिरतं. जास्तीच्या वस्तूंना बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले देऊनच वीज द्यावी. ब्रेकलाइटचा बल्ब काढून एलईडी टाकला तर प्रवाह इतका कमी होतो की बल्बवर लक्ष ठेवणारं मॉड्यूल ‘बल्ब गेला’ असं समजतं. फ्यूजचं पातं तपकिरी पडलं असेल तर त्याची खोबण सैल झालीय. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका. त्यापुढे जळेल ती वायर.

वायरिंग, अर्थ आणि व्होल्टेज स्वच्छ निघालं आणि तरीही यू कोड येत राहिले, तर मॉड्यूलांना जोडणारी कॅन बस तपासायची. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, ज्यांवरून सगळी मॉड्यूल बोलतात. दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो, त्यामुळे बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा संपर्क तुटलाय. जवळपास शून्य आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्यात. इथे ६० चा आकडा स्थिर ठेवून वायरींचा जुडगा हलवत जायचं आणि आकडा कधी उसळतो ते पाहायचं. चालू गाडीत साध्या मल्टिमीटरवर दोन्ही वायरी अडीच व्होल्टच्या आसपास दिसतात, एक थोडी वर, एक थोडी खाली.

मॉड्यूल बदलायचा निर्णय सर्वांत शेवटी. त्याच्या कपलरवर वीज पूर्ण पोचतेय, अर्थ भाराखाली चोख आहे, सेन्सरचा संदेश पिनेपर्यंत बरोबर येतोय, कॅन बस ठीक आहे, आणि तरीही मॉड्यूल चुकीचं वागतंय, हे चारही सिद्ध झाल्यावरच. नवं मॉड्यूल गाडीला ओळख करून द्यावं लागतं, तो उद्योग घरी होण्यासारखा नसतो.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि वहीत लिहिलेल्या त्याच परिस्थितीत गाडी चालवा: डाव्या वळणावर बिघाड व्हायचा तर डावी वळणं घ्या, तापल्यावर व्हायचा तर तापू द्या. तीच परिस्थिती अनेकदा येऊनही दिवा लागला नाही, तरच बिघाड गेला असं धरा. बॅटरी काढली असेल किंवा हँडलच्या कोनाचा सेन्सर हलला असेल, तर काही गाड्यांना हँडल सरळ असतानाचा शून्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो. तो शिकवेपर्यंत स्टॅबिलिटीचा दिवा लागलेला राहू शकतो, आणि हे काम अधिकृत स्कॅनरवरच होतं.